बॅरिस्टर बाबासाहेब आणि शाळेतला नागरिकशास्त्राचा तास

दरवर्षी २६ नोव्हेंबर आला की यवतमाळ जिल्ह्यातील शाळांमधून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होते, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो, एखाद्या पाहुण्याचे भाषण होते आणि दुसऱ्या दिवशी नागरिकशास्त्राचे पुस्तक पुन्हा दप्तराच्या तळाशी जाते. दहावीला इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एकच प्रश्नपत्रिका, त्यातही मोठा वाटा इतिहासाचा. राज्यशास्त्राचे धडे शेवटच्या पंधरवड्यात घाईघाईने उरकले जातात. ज्या संविधानाने या देशातील शेवटच्या माणसाला माणूसपण दिले, त्याची ओळख शेवटच्या माणसाच्या मुलाला अशी चुटपुटती व्हावी, ही बाब चळवळीने गंभीरपणे घेतली पाहिजे. हे काम कोणाचे? शिक्षकांचे तर आहेच. परंतु ते वकिलांचेही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी आम्ही आधार घेतो तो कोणत्याही परिपत्रकाचा नव्हे, तर बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनाचा.

बाबासाहेबांचे चरित्र आपण घटनाकार म्हणून वाचतो, बोधिसत्त्व म्हणून वंदितो. पण ते वकील होते आणि त्याच वेळी शिक्षक होते, हे दोन धागे एकत्र ठेवून फारसे पाहिले जात नाही. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करातील शाळेत शिक्षक होते. शिक्षकाच्या घरातल्या या मुलाला साताऱ्याच्या शाळेत मात्र वर्गाबाहेर ठेवल्यासारखेच बसावे लागले. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे आणि तहान लागली तर शिपायाने वरून ओतलेले पाणी प्यायचे. शिपाई नसेल तर तहानलेलेच राहायचे. नागरिक असणे आणि नसणे यातला फरक त्यांना पुस्तकातून कळला नाही, तो वर्गातच कळला. म्हणून पुढे त्यांनी शाळा आणि कायदा या दोन्ही गोष्टी आयुष्यभर सोडल्या नाहीत.

कोलंबिया आणि लंडन येथील शिक्षण संपवून, ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन ते १९२३ साली मुंबईला परतले. सनद काढायलाही जवळ पैसे नव्हते, ते नवल भथेना या पारशी मित्राने दिले. हायकोर्टात नाव नोंदले तरी सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरकडे कामे देत नसत, त्यामुळे जिल्ह्याच्या व खालच्या कोर्टांतली कामे घ्यावी लागली. १९२६ साली ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदींवर ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून खटला झाला. त्यांचा बचाव बाबासाहेबांनी केला आणि त्यांना सोडवून आणले. तेव्हा त्यांच्या वकिलीची छाप पुण्यासारख्या ठिकाणी पडली. इतकी बुद्धी असलेला माणूस फक्त पैशाच्या मागे लागला असता तर काय मिळवू शकला नसता?

पण त्याच वर्षांत ते काय करीत होते ते पाहा. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १९२५ च्या जानेवारीत सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. १९२८ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १ जून १९३५ पासून त्याच कॉलेजचे प्राचार्य. ज्याला सातारच्या शाळेत शिपायाशिवाय पाणी मिळत नव्हते, तो माणूस मुंबई इलाख्यातल्या वकिलांना घडविणाऱ्या संस्थेचा प्रमुख झाला. दिवसभर कोर्ट, सायंकाळी व्याख्यान, रात्री चळवळीच्या लोकांच्या बैठका, असे हे जीवन होते. वेळ नाही, ही सबब त्या जीवनात बसतच नाही.

बाबासाहेबांनी समाजाला नागरिकशास्त्राचा सर्वात मोठा धडा शिकविला तो महाडला. हा धडा वकिलाच्या नजरेने समजून घेतला पाहिजे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर हक्क मिळाला होता, पण एकाही अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्यापर्यंत पोहोचली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांना घेऊन ते पाणी प्राशन केले. कागदावरचा हक्क वापरल्याशिवाय जिवंत होत नाही, हे त्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या निरक्षर माणसांनी शिकून घेतले.

त्यानंतर सनातन्यांनी माणसांना मारहाण केली, शेणगोमूत्राने तळे ‘शुद्ध’ केले, नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबर १९२७ रोजी आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला, अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर परिषद झाली, तिचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषविले. महाडची ठिणगी आठ महिन्यांत वऱ्हाडात आली होती. डिसेंबरात पुन्हा महाडला सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी दावा दाखल करून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. हजारो लोक जमलेले, पाण्यात उतरायला तयार. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. विषमतेचा कायदा जाळला गेला, पण न्यायालयाचा मनाईहुकूम मोडला गेला नाही. तळ्याचा सत्याग्रह तहकूब करून लढाई कोर्टात नेली. ती दहा वर्षे चालली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला आणि तळ्यावर फक्त स्पृश्यांचाच अनादिकालापासून वहिवाटीचा हक्क आहे हा दावा टिकला नाही. अन्यायाचा कायदा नाकारायचा, न्यायालयाचा मान राखायचा आणि पुरावा घेऊन जिंकायचे, हे तीन धडे महाडमध्ये एकत्र आहेत. आमच्या शाळेतल्या पुस्तकात महाड दोन ओळींत संपते. खरे तर या एका खटल्यावर नागरिकशास्त्राचा महिनाभराचा अभ्यासक्रम उभा राहू शकतो.

बाबासाहेबांनी मताच्या हक्काकडेही शिक्षण म्हणूनच पाहिले. १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि पुढे सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. निरक्षरांना मत कशाला, असे विचारणाऱ्यांना त्यांचे उत्तर असे होते की ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवले, त्यांच्या निरक्षरतेचा दोष त्यांच्याच माथी मारता येणार नाही, आणि राज्यकारभारात भाग घेतल्यानेच माणूस राज्यकारभार शिकतो. १९५० साली प्रौढ मताधिकार संविधानात आला तो या विचारातून, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

संविधान लिहून झाल्यावर काम संपले असे त्यांनी कधीच मानले नाही. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, १९५६ मध्ये सिद्धार्थ लॉ कॉलेज. सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि देशाचे कायदामंत्री तिथे येऊन मुलांना हिंदू कोड बिल समजावून सांगत. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात जिल्हा वकिलांसमोर त्यांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी मांडल्या. टोकाची विषमता नसावी, विरोधी पक्ष असावा, कायद्यापुढे व प्रशासनात समान वागणूक असावी, संविधानिक नीतिमत्ता असावी, बहुमताची अल्पमतावर जुलूमशाही नसावी, समाजाची नैतिक बैठक व सदसद्विवेकबुद्धी जागी असावी. हे विवेचन त्यांनी वकिलांपुढे केले, हा आम्हाला योगायोग वाटत नाही. १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत राजकारणात येणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले, पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. प्रकृती खालावलेली, नागपूरची १४ ऑक्टोबरची धम्मदीक्षा तोंडावर, ग्रंथाचे काम अपुरे, तरी हा माणूस नागरिक घडविण्याची शाळा काढीत होता. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले आणि काही महिन्यांतच ते विद्यालय बंद पडले. बाबासाहेबांचे अपुरे राहिलेले काम कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही या शाळेकडे बोट दाखवू.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव या पट्ट्यातली अनेक गावे पाचव्या अनुसूचीखाली आहेत, तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. पण आश्रमशाळेत शिकणाऱ्या कोलाम, गोंड मुलाला आपल्या गावच्या ग्रामसभेला कोणते अधिकार आहेत हे कोणी सांगितले आहे काय? कापसाच्या कर्जापायी बापाची जमीन अवैध सावकाराने लिहून घेतली, तर ती परत मिळविण्याची तरतूद २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमात आहे, हे नववीतल्या मुलीला ठाऊक आहे काय? माहितीचा अर्ज दहा रुपयांत करता येतो, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद पोलिसांनी नोंदलीच पाहिजे, अ‍ॅट्रॉसिटी कायदा कोणासाठी व कशासाठी आहे, या गोष्टी पुस्तकात एका वाक्यात येतात किंवा येतच नाहीत. ज्यांना हक्क ठाऊक नाहीत त्यांच्यावर राज्य करणे सोपे असते. मनुवादी व्यवस्थेने ज्ञानबंदी उगीच केली नव्हती.

मार्ग नाही असे नाही. नागपूर जिल्हा परिषदेच्या शाळांत २००५ साली तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी उद्देशिका वाचनाचा उपक्रम सुरू केला. पुढे २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा देशभर संविधान दिन झाला. एका अधिकाऱ्याच्या जिद्दीने एवढे होऊ शकते, तर यवतमाळ, पुसद, दारव्हा, वणी, पांढरकवडा येथील बाररूममध्ये बसणाऱ्या वकिलांनी ठरविले तर काय होणार नाही? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कायदेविषयक जनजागृती हे प्राधिकरणाचे कामच ठरविले आहे, त्याची शिबिरे होतात. परंतु वर्षातून एक शिबिर म्हणजे शिक्षण नव्हे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वकिलाने एक शाळा दत्तक घ्यावी, जिल्हा परिषदेची किंवा आश्रमशाळा. मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून महिन्यातून एक तास मागून घ्यावा. मानधन नको, हार नको, बॅनर नको. भाषण न करता मुलांकडून माहितीचा अर्ज लिहून घ्यावा, वर्गात ग्रामसभा भरवावी, महाडचा दावा दोन बाजूंनी लढवायला लावावा. शिक्षकाला बाजूला सारू नये, त्याला सोबत घ्यावे. आणि हे काम फक्त बौद्ध मुलांच्या शाळेपुरते ठेवू नये. संविधान कुणब्याच्या, बंजाऱ्याच्या, पारध्याच्या, मुसलमानाच्या मुलाचेही तितकेच आहे. ते एकाच समाजाचे आहे असे भासविणाऱ्यांना यापेक्षा चांगले उत्तर दुसरे नाही.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलची आपली व्यथा जाहीरपणे मांडली होती. शिकून मोठे झालेले लोक समाजाची सेवा करतील ही त्यांची अपेक्षा होती, ती फोल ठरल्याचे दुःख त्यांना होते. अंगावरचा काळा कोट ज्यांना बाबासाहेबांमुळे मिळाला, त्यांनी त्या व्यथेला उत्तर द्यायचे आहे. महिन्याचा एक तास हे फार मोठे मोल नाही. येत्या २६ नोव्हेंबरला हार घालण्याआधी जिल्ह्यातील प्रत्येक वकील बांधवाने व भगिनीने आपली शाळा निवडावी, एवढेच आमचे आवाहन आहे.

जयभीम! जय संविधान!