रायपेट्ट्याचा धम्मसेवक : पंडित अयोथीदास



दीक्षेचा दिवस तुम्हाला आठवत असेल. पांढरी वस्त्रे नेसून तुम्ही रांगेत उभे राहिलात, त्रिशरण-पंचशील घेतले, 22 प्रतिज्ञा उच्चारल्या. घरातले देव बाहेर काढले आणि त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. पण दुसऱ्या दिवशी सकाळ उजाडली ती त्याच वस्तीत. तोच नळ, तीच गटार, तीच रोजंदारी. पोर तापाने फणफणले. पूर्वी देवऋषाकडे नेत होता, आता कोठे न्यायचे? मुलीचे लग्न ठरले, ते लावायचे कोणी? जुने सोडले खरे, पण त्याच्या जागी नवे काय उभे केले, हा प्रश्न दीक्षा घेतलेल्या प्रत्येक घरापुढे येतो.

हा प्रश्न एका माणसापुढे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या 58 वर्षे आधी उभा राहिला होता. तो माणूस म्हणजे मद्रासचे पंडित अयोथीदास. तामिळनाडूत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्या घरांतही त्यांचा परिचय असला पाहिजे.

त्यांचा जन्म 20 मे 1845 रोजी परैयर या अस्पृश्य मानलेल्या समाजात झाला. आईवडिलांनी ठेवलेले नाव कातवरायन. अयोथीदास हे त्यांच्या गुरूंचे नाव. गुरूविषयीच्या कृतज्ञतेने त्यांनी तेच स्वतःला घेतले. घराण्यात तामिळ विद्या आणि सिद्ध वैद्यक चालत आले होते. त्यांचे आजोबा एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी कामाला होते. तिरुक्कुरळ या थोर ग्रंथाची ताडपत्रे त्यांनीच एलिस या इंग्रज विद्वानाच्या हाती पोहोचवली, असे सांगितले जाते. विचार करा! ज्याची सावली विटाळ मानली गेली, त्याच्याच घरात ग्रंथ जपून ठेवलेले होते.

तरुणपणी ते निलगिरीच्या डोंगराळ भागात राहिले. तेथे त्यांनी प्रथम अद्वैताचा मार्ग धरून पाहिला. सर्वत्र एकच ब्रह्म आहे असे सांगणारे तत्त्वज्ञान जातीच्या भिंतीला हात लावत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले. 1891 साली त्यांनी द्रविड महाजन सभा स्थापन केली. पुढच्या वर्षी मद्रासमध्ये सवर्ण पुढाऱ्यांच्या सभेत त्यांनी आपल्या लोकांच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न मांडला. तेव्हा तुमचे देव वेगळे आणि आमचे वेगळे, असे त्यांना तोंडावर ऐकवण्यात आले. अयोथीदासांनी तेथेच बाणेदारपणे सांगितले की, मग तुमचे देव तुम्हालाच लखलाभ असोत. आमच्या मुलांना चौथीपर्यंत मोफत शिक्षण द्या आणि पडीक जमीन द्या. देवळाच्या दारापेक्षा शाळेचे दार मोठे आहे, हे त्यांनी त्या दिवशी ओळखले.

1898 साली ते कर्नल ऑल्कॉट यांच्यासोबत सिंहलद्वीपाला गेले. ऑल्कॉटसाहेबांनी अस्पृश्य मुलांसाठी 1894 पासून मद्रासमध्ये मोफत शाळा सुरू केल्या होत्या. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महानायक थेरो यांच्याकडून अयोथीदासांनी पंचशील घेतले. परत येऊन त्यांनी मद्रासच्या रायपेट्टा भागात शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. त्यांची धारणा होती की आपले लोक मुळात बौद्धच होते. त्यांनी जातीपुढे मान तुकवली नाही, म्हणूनच त्यांना अस्पृश्य ठरवण्यात आले. धम्म घेणे म्हणजे आपल्या जुन्या घरी परतणे होय. पुढे 1948 साली परमपूज्य बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात याच्याशी मिळताजुळता विचार स्वतंत्र संशोधनाने मांडला, हे ध्यानात ठेवा.

आता रायपेट्ट्यात काय होत असे ते पाहा. अयोथीदास सिद्ध वैद्य होते. त्यांच्याकडे गोरगरीब औषधासाठी येत. आजार घेऊन आलेला माणूस धम्माचे दोन शब्दही ऐकून जाई. रविवारी विहारात प्रवचन असे. वैशाखी पौर्णिमा साजरी होई. लग्न आणि अंत्यसंस्कार ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता आपल्याच पद्धतीने होत. दिवाळी आणि कार्तिकातले दिवे हे मुळात बौद्धांचे सण होते, अशी उकल करून त्यांनी लोकांच्या मनातील जुन्या कथांची भीती घालवली.

19 जून 1907 रोजी त्यांनी साप्ताहिक सुरू केले. त्याचे नाव होते एक पैशाचा तमिळन. किंमतही एकच पैसा, कारण वाचक मजूर, स्वयंपाकी आणि चाकरमाने होते. त्यातच त्यांनी तथागतांचे चरित्र क्रमाने लिहिले. 1911 च्या जनगणनेच्या वेळी स्वतःची नोंद बौद्ध म्हणूनच करा, असा त्यांचा आग्रह होता.

हे पत्र आणि हा संघ पसरला तो कष्टकऱ्यांच्या पायांनी. कोलारच्या सोन्याच्या खाणीत तामिळ मजूर होते. तेथे मारिकुप्पमला संघाची शाखा निघाली. रंगून आणि दक्षिण आफ्रिकेतील दर्बान येथे मजुरीला गेलेल्यांनीही शाखा उघडल्या. जमिनीच्या पोटात उतरून सोने काढणारे हे लोक आपल्या मजुरीतून वर्गणी देत.

5 मे 1914 रोजी पंडितजींचे परिनिर्वाण झाले. त्यानंतर मद्रासमधील पत्र फार काळ टिकले नाही. पण कोलारच्या मजुरांनी दिवा विझू दिला नाही. 1926 साली अप्पादुराई यांनी तमिळन पत्र कोलारहून पुन्हा सुरू केले, आणि तेथील सिद्धार्थ पुस्तकालयाने पंडितजींचे ग्रंथ छापले. केंद्र सरकारने 2005 साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. पण त्याच्या कितीतरी आधी खाणमजुरांनी त्यांना जिवंत ठेवले होते.

बंधूंनो, थोर माणसाची उणीवही झाकून ठेवू नये. पंडितजींची चळवळ मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या जातीतच राहिली. त्यांच्याहूनही खाली लेखल्या गेलेल्या अस्पृश्य जातींविषयी त्यांच्या लेखनात दुरावा दिसतो. ज्याने जात नाकारली त्याच्याही मनात तिचा अंश उरला. आपल्यातही दीक्षेनंतर पोटजात पाहून सोयरीक जुळवणारी घरे आहेत. बाबासाहेबांनी धम्म दिला तो सर्वांसाठी. पंडितजींकडून सेवा शिकावी आणि त्यांची ही मर्यादा आपण ओलांडावी.

म्हणून या चरित्रातून एवढे घ्या. विहार म्हणजे केवळ मूर्ती आणि मेणबत्ती नव्हे. ज्या विहारात पोरांचा अभ्यास घेतला जातो, आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत सोबत मिळते, लग्न-मयताला माणसे धावून येतात, आणि हे सारे वस्तीच्या स्वतःच्या वर्गणीवर चालते, तो विहार कार्यकर्ता गेला तरी बंद पडत नाही. एकाच माणसाच्या खांद्यावर उभा असलेला विहार त्या माणसाबरोबर झोपतो.

येत्या रविवारी वंदनेनंतर लगेच घरी जाऊ नका. थोडे थांबा आणि एकमेकांना विचारा, आपल्या वस्तीत शाळा सोडलेली मुले किती आहेत? अंथरुणाला खिळलेले कोण आहे? आणि त्यांच्यासाठी तुम्ही स्वतः आठवड्यातला कोणता एक तास देणार?

जयभीम! नमो बुद्धाय!