तोलेदोचा नक्काश : इब्राहिम अल् झरकाली

सूर्य आपल्यापासून सर्वांत दूर केव्हा असतो, असे विचारले तर बहुतेक जण थंडीचे दिवस सांगतील. खरे उत्तर उलट आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा, पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते. आणि जानेवारीच्या आरंभी सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. ऋतू या अंतराने होत नाहीत, पृथ्वीचा आस कलता असल्यामुळे होतात. या अतिदूरच्या बिंदूला आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत मंदोच्च म्हणतात आणि अरबीत औज. अरबीतला औज हा शब्द संस्कृत उच्च या शब्दावरूनच गेला, असे जाणकार मानतात. हा बिंदू आकाशात स्थिर नाही, ताऱ्यांच्या मानाने तो स्वतःच्या गतीने हळूहळू सरकतो, हे प्रथम दाखवून दिले ते एका धातुकाम करणाऱ्या कारागिराने. त्यांचे हे चरित्र.

अबू इसहाक इब्राहिम बिन याह्या अल् झरकाली यांचा जन्म इ. स. १०२९ च्या सुमारास स्पेनमधील तोलेदो नगरीच्या परिसरात झाला. त्या वेळी स्पेनचा मोठा भाग अंदलूस या नावाने ओळखला जाई आणि लहान लहान राज्यांत विभागला गेला होता. तोलेदोवर पुढे झुन्नूनी घराण्यातील अल् मामून याने राज्य केले. इब्राहिम यांचे घराणे धातुकामाचे. पितळेच्या पत्र्यावर रेघा आणि अक्षरे कोरण्यात त्यांचा हात असा बसला होता की, लोक त्यांना अन् नक्काश म्हणूनच ओळखत. हे नाव त्यांना जन्मभर चिकटले आणि विद्वानांच्या मंडळीत बसू लागल्यावरही ते त्यांनी टाकले नाही.

तोलेदोचे काजी साइद हे मोठे व्यासंगी गृहस्थ. राष्ट्राराष्ट्रांतील विद्येचा इतिहास त्यांनी लिहिला आणि विद्येची सेवा करणाऱ्या राष्ट्रांत हिंदुस्थानला पहिले स्थान दिले. आकाशाचे वेध घेणाऱ्यांचा एक गट त्यांनी जमवला होता. या गटाला उपकरणे हवी होती आणि ती घडवण्याचे काम आले इब्राहिम यांच्याकडे. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या तोलेदोच्याच एका यहुदी ज्योतिर्विदाने पुढची हकिकत नोंदवून ठेवली आहे. हा कारागीर तोवर ग्रंथांच्या वाटेला गेलेला नव्हता. जे सांगतील ते घडवून द्यायचा. पण त्याच्या हाताखालून निघालेली यंत्रे इतकी बिनचूक होती आणि त्याचे प्रश्न इतके नेमके होते, की गिऱ्हाइकांनीच त्याला पुस्तके आणून दिली. थोड्याच काळात तो शिष्याचा गुरू झाला आणि ज्यांच्यासाठी यंत्रे करीत असे तेच त्याला विचारू लागले.

येथे पालकांपाशी थोडे बोलावेसे वाटते. आपल्याकडे ज्या मुलाच्या हातात हुन्नर दिसतो त्याला लवकर दुकानात बसवतात आणि जो वहीत हुशार त्याला हत्याराला हात लावू देत नाहीत. तोलेदोच्या त्या काजींनी कारागिराच्या हाती पुस्तक दिले नसते, तर जगाला एक उत्तम नक्काश मिळाला असता, एवढेच.

पुढे इब्राहिम यांनी सूर्याचे वेध घ्यावयास आरंभ केला आणि ते पंचवीस वर्षे घेत राहिले. चंद्राचे वेध तर सदतीस वर्षे घेतले, असे मागाहूनचे लेखक सांगतात. सूर्याचे अंतर दोरीने मोजता येत नाही. मग तो दूर कोठे आहे हे कसे कळावे? वाचकांनी भिंतीवरचे कॅलेंडर घेऊन मोजावे. मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात, तेथून सप्टेंबरच्या समान दिवसापर्यंत सुमारे १८६ दिवस भरतात आणि उरलेल्या अर्ध्या फेरीला १७९. म्हणजे पहिल्या अर्ध्यात सूर्य मंद चालतो. जेथे मंद तेथे दूर. ऋतूंचे हे दिवस काटेकोर मोजले की दूरचा बिंदू गणिताने काढता येतो. अडचण अशी की, एका दिवसाच्या लहानशा भागाची चूक झाली तरी उत्तर कुठल्या कुठे जाते. म्हणून यंत्रावरची रेघ बारीक आणि सरळ हवी. येथे नक्काशाचा हात कामास आला.

टॉलेमीने हा बिंदू कायमचा स्थिर मानला होता. नवव्या शतकात बगदादचे ज्योतिर्विद आणि त्यांच्यानंतर रक्का येथील अल् बत्तानी यांना तो पुढे गेलेला आढळला. परंतु सारे तारे जसे संपातबिंदूपासून हळूहळू सरकतात तसाच हाही सरकतो, असे समजले गेले. इब्राहिम यांनी आपले वेध जुन्या नोंदींशी ताडून पाहिले आणि ताऱ्यांची चाल वजा केली. तरीही काही उरले. ते उरलेले म्हणजे त्या बिंदूची स्वतःची गती. ती त्यांनी एका अंशाला तीनशे वर्षांहून थोडी कमी अशी काढली. आज ती तीनशेहून थोडी जास्त मानतात. वर्षाला १२ विकलांहून किंचित कमी! सूर्याचे बिंबच मुळी सुमारे १,९०० विकला रुंद दिसते, यावरून ही चाल किती सूक्ष्म ते समजावे. ताऱ्यांमधून एक फेरी पुरी व्हावयास त्या बिंदूला सुमारे एक लाख दहा हजार वर्षे लागतात. चंद्राचा दूरचा बिंदू तीच फेरी नऊ वर्षांच्या आत करतो. इब्राहिम यांच्या काळी सूर्य सर्वांत दूर जाण्याचा दिवस वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या थोडा अलीकडे पडे. आज तो सुमारे दोन आठवडे पलीकडे पडतो.

त्यांचे सर्वच बरोबर होते असे नाही. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, असेच ते त्या काळच्या सर्वांप्रमाणे मानीत. तारे कधी पुढे, कधी मागे झुलतात, ही कल्पनाही त्यांनी स्वीकारली होती आणि ती चुकीची ठरली. गुरू, शुक्र आदी ग्रहांच्या ओढीने पृथ्वीची कक्षाच हळूहळू वळते, हे कारण कळण्यास न्यूटननंतरचे गणित यावे लागले. पण वेध खरे होते, त्यामुळे सिद्धांत बदलले तरी नोंद टिकली.

उपकरणांतही त्यांनी मोठी सुधारणा केली. त्या वेळच्या अस्तरलाब यंत्राला प्रत्येक अक्षांशासाठी निराळी तबकडी लागे. त्यांनी कोणत्याही गावी चालेल अशी एकच तबकडी, सफीहा, तयार केली. ताजो नदीकाठच्या पाणघड्याळांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचे हौद चंद्राच्या कलांबरोबर भरत आणि रिकामे होत. ११३३ मध्ये रचना समजून घेण्यासाठी ती उकलण्यात आली, आणि पुन्हा जोडता आली नाहीत.

इ. स. १०८५ मध्ये कास्तीलचा राजा सहावा आल्फोन्सो याने तोलेदो घेतले. इब्राहिम यांनी नगर सोडून कोर्दोवा गाठले. वय साठीकडे झुकलेले, काजी साइद पंधरा वर्षांपूर्वीच निवर्तलेले, अल् मामूनही गेलेला. तरी वेध चालूच राहिले. इ. स. ११०० मध्ये कोर्दोवा येथे त्यांचे निधन झाले.

सूर्यावरील त्यांचा मूळ अरबी ग्रंथ आज उपलब्ध नाही. मागच्या लेखकांनी त्यातून जे घेतले तेवढेच हाती आहे. तोलेदोच्या त्या गटाची कोष्टके मात्र बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेली आणि युरोपात पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. १५४३ मध्ये कोपर्निकसने आपल्या ग्रंथात अल् बत्तानी यांच्याबरोबर त्यांचेही नाव घेतले. दूरच्या बिंदूची नोंद आजही ठेवावीच लागते : १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ निघाले, तेव्हा पहिल्या कक्षेत त्याचे जवळचे टोक पृथ्वीपासून सुमारे १७० किलोमीटरवर आणि दूरचे सुमारे ३६,५०० किलोमीटरवर होते.

शाळेत लहानशी दुर्बीण असेल तर अष्टमी-नवमीच्या चंद्राकडे रोखावी. प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवर, बिंबाच्या मध्याजवळ, एकाखाली एक अशी तीन मोठी विवरे दिसतात. एक टॉलेमीच्या नावाचे, दुसरे अरबी ग्रंथांची भाषांतरे करवून घेणाऱ्या दहाव्या आल्फोन्सो राजाचे. तिसरे, शंभर किलोमीटरच्या आसपास रुंदीचे आणि मध्ये डोंगर असलेले, ते आर्झाकेल. झरकाली या नावाचा लॅटिन लेखकांनी तसा उच्चार केला आहे.