जेम्स बॉस्वेल : थोरांच्या दारचा प्रश्नकर्ता

डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांचे नाव महाराष्ट्रास नवीन नाही. त्यांच्या ‘रासेलस’चे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले, ते चिरंजीव विष्णुशास्त्र्यांनी तडीस नेले आणि ‘निबंधमाले’त जॉन्सनवर विस्ताराने लिहिलेही. परंतु जॉन्सन कसे बोलत, कसे जेवत, कशावर चिडत, हे ज्याच्यामुळे आजही डोळ्यांसमोर उभे राहते, त्या जेम्स बॉस्वेलचा परिचय आपल्याकडे त्या मानाने बेताचाच आहे. वृत्तपत्री मुलाखतीची कला रूढ होण्यापूर्वी कितीतरी आधी तिचा हा एक विलक्षण, काहीसा वेडगळ उपासक होऊन गेला. त्याचे चरित्र यंदा ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. का, ते ओघात येईलच.

बॉस्वेलचा जन्म २९ ऑक्टोबर १७४० रोजी एडिंबरो येथे झाला. घराणे जुने व मानी. वडील अलेक्झांडर बॉस्वेल हे स्कॉटलंडमधील वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश असून एअरशर परगण्यात ऑकिन्लेक येथे त्यांची मोठी जमीनदारी होती. मुलाने वकील व्हावे, इस्टेट सांभाळावी, कुलाची अब्रू राखावी, एवढीच त्यांची अपेक्षा. मुलाचे चित्त मात्र नाटकगृहे, लेखक आणि नामांकित माणसे यांच्यात गुंतलेले. १७६० साली तो चक्क लंडनला पळून गेला. वडिलांनी परत आणला, कायदा शिकविला. परंतु थोर माणसांच्या सहवासाची त्याची तहान त्यांना कधीच समजली नाही. हा पितापुत्रांचा बेबनाव १७८२ साली वडील निवर्तले तेव्हाच संपला.

१६ मे १७६३ रोजी लंडनमध्ये टॉमस डेव्हिस या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात चहा घेत असता जॉन्सन अकस्मात आत आले. बॉस्वेलचे वय बावीस, जॉन्सन यांचे त्रेपन्न. जॉन्सन यांना स्कॉटिश लोकांचा तिटकारा असल्याचे बॉस्वेल ऐकून होता. त्याने घाबरून आपण स्कॉटलंडहून आलो खरे, पण त्याला आपला नाइलाज आहे, अशा आशयाची सबब पुढे केली. त्यावर जॉन्सन यांनी असा टोला हाणला की दुसरा कोणी असता तर पुन्हा त्या वाटेस गेला नसता. बॉस्वेल आठच दिवसांत त्यांच्या घरी जाऊन हजर! अपमान गिळून पुन्हा दार ठोठावण्याचा हा गुण म्हणा की कोडगेपणा म्हणा, त्याच्या साऱ्या कर्तृत्वाचे मूळ त्यातच आहे. अडीच-तीन महिन्यांत स्नेह एवढा वाढला की तो कायद्याच्या पुढील अभ्यासासाठी हॉलंडला निघाला तेव्हा त्याला निरोप देण्यास वृद्ध जॉन्सन हार्विच बंदरापर्यंत गेले.

हॉलंडमधून तो युरोपच्या प्रवासास निघाला, आणि येथे त्याची खरी तऱ्हा दिसून येते. १७६४ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधील मोतिए या गावी रूसो आजारी अवस्थेत, भेटी टाळून राहत होते. बॉस्वेलपाशी एका बड्या सरदाराचे परिचयपत्र होते. ते त्याने खिशातच ठेवले व स्वतःच्या गुणांवर प्रवेश मिळावा म्हणून आपलीच भरपूर स्तुती असलेले एक पत्र लिहून पाठविले. प्रवेश मिळाला. एकदा रूसोंनी थोडाच वेळ देऊ म्हणून बजावले व घड्याळ काढून टेबलावर ठेवा, असे पाहुण्याला सांगितले. एकदा तर त्याने स्वतःची जीवनकहाणी लिहून त्यांच्या हवाली केली व आता आपण कसे वागावे ते सांगा म्हणून गळ घातली! दुसऱ्याने मन मोकळे करावे असे वाटत असेल तर आधी आपले करावे, हे त्याने कोठे शिकले नव्हते. त्याचा पिंडच तसा होता.

तेथून तो थेट रूसोंचे हाडवैरी व्हॉल्तेर यांच्याकडे फर्ने येथे गेला. तो दिवस २४ डिसेंबरचा. जिनीव्हा शहराच्या वेशी सायंकाळी लवकर बंद होत, त्यामुळे बोलणे अर्धवट टाकून परतावे लागले. बॉस्वेलने व्हॉल्तेर यांच्या भाचीस पत्र लिहून एका रात्रीचा आसरा मागितला. अगदी माळ्यावरची, दोन खुर्च्या जोडून निजण्याएवढी जागाही चालेल असे कळविले. आर्जव फळास आले. मग इतर मंडळी जेवणास गेली असता त्याने व्हॉल्तेर यांना एकटे गाठून धर्म, ईश्वर व बायबल यांवर असे काही छेडले की म्हातारा थरथर कापत खुर्चीत कोसळला. थोड्या वेळाने त्यांना हुशारी वाटली तशी बॉस्वेलने पुन्हा प्रश्नास सुरुवात केली! व्हॉल्तेर यांची मूर्च्छा कितपत खरी व कितपत नाटकी, हा तर्क वाचकांनी करावा.

पुढील वर्षी, १७६५ साली, तो कॉर्सिका बेटावर स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पास्काल पाओली यांना भेटला. बोलता बोलता टिपणे काढणारा हा तरुण पाओलींना प्रथम हेर वाटला. मागाहून दोघांचा जन्माचा स्नेह जडला. या प्रवासावरील १७६८ सालच्या ग्रंथाने बॉस्वेलला युरोपभर नाव मिळवून दिले. दुसऱ्याच वर्षी शेक्सपिअरच्या गावी भरलेल्या उत्सवात हा गृहस्थ कॉर्सिकन शिपायाच्या पोशाखात मिरवत होता.

आता त्याच्या पद्धतीविषयी. १७६९ मध्ये त्याने मार्गारेट या आपल्या आतेबहिणीशी विवाह केला. (आपल्याकडे हे निषिद्ध, त्यांच्यात नव्हे.) एडिंबरोत वकिली करावी आणि न्यायालयाला सुटी पडली की लंडन गाठावे, हा त्याचा क्रम. म्हणजे तो जॉन्सन यांच्यापाशी सदैव बसून असे ही समजूत खरी नव्हे. जो सहवास मिळे त्याचे मात्र तो सोने करी. दिवसभर ऐकावे, रात्री त्रोटक टिपणे करावी, सवडीने ती रोजनिशीत विस्तारावी. प्रश्नांना धरबंध नसे. एखाद्या किल्ल्यात तान्ह्या मुलासह कोंडले तर आपण काय कराल, असे त्याने एकदा विचारले. आणि त्या करड्या पंडितांकडून मुलाला थंड नव्हे तर कोमट पाण्याने न्हाऊ घालावे येथवर उत्तर काढले. पिळलेल्या संत्र्यांच्या साली आपण कशासाठी जपून ठेवता, हाही त्याचा एक ध्यास. त्याचा थांग मात्र जॉन्सन यांनी लागू दिला नाही. कधी कधी या भडिमाराने ते संतापत, हे काय नि ते का असे विचारून माणसाला सतावणे सभ्यपणाचे नव्हे म्हणून खडसावीत. बॉस्वेल तेही निमूटपणे टिपून ठेवी.

नुसते विचारून भागत नसेल तर तो प्रसंगच घडवून आणी. राजकारणी जॉन विल्क्स आणि जॉन्सन यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. १७७६ च्या मे महिन्यात डिली बंधूंकडे दोघांना एका पंक्तीस बसविण्याचा घाट बॉस्वेलने घातला. सरळ विचारले तर नकार ठरलेला. म्हणून त्याने जॉन्सन यांना, तेथील मंडळी आपणास रुचतील तरच चला, असे मुद्दाम सांगितले. यजमानाने कोणास बोलवावे हे आम्ही का ठरवणार, असे ते उसळले. आणि विल्क्स असले तरी येईन, हे त्यांनीच कबूल केल्यासारखे झाले. भोजनाच्या दिवशी ते सारे विसरून बसले होते, तेव्हा त्यांच्या घरी राहणाऱ्या अंध मिसेस विल्यम्स यांची मनधरणी करून बॉस्वेलने त्यांना गाडीत घातले. विल्क्स शेजारी बसून आग्रहाने वाढू लागले, पदार्थांची तारीफ करू लागले. हळूहळू म्हातारबोवा निवळले, आणि अखेर दोघे वैरी मिळून स्कॉटिश लोकांची, म्हणजे खुद्द बॉस्वेलचीच, थट्टा करू लागले. त्याला याहून मोठे सुख नव्हते.

त्याच वर्षीच्या जुलैत तो मरणासन्न तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्याकडे गेला. नास्तिक म्हणून गाजलेला हा पुरुष मृत्यू समोर दिसताना तरी डगमगतो का, हे त्याला पाहावयाचे होते. असे विचारणे आम्हांस क्रूर वाटते. पण ह्यूम शांत व प्रसन्न होते. हादरला तो प्रश्नकर्ता. १७८४ साली त्याला स्वप्न पडले की ह्यूम यांची गुप्त रोजनिशी सापडली असून ते मनातून श्रद्धावानच होते! मुलाखत घेणाऱ्याचा जीव त्याच्या प्रश्नांत किती अडकलेला असतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

१३ डिसेंबर १७८४ रोजी जॉन्सन वारले. इतरांची आठवणींची पुस्तके व चरित्रे झपाट्याने बाहेर पडली; बॉस्वेलने घाई केली नाही. एकेका तारखेच्या खात्रीसाठी तो लंडनभर वणवण करी. आपल्याकडे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून जमविल्या; तोच हा ध्यास. मध्यंतरी, १७८९ साली, पत्नी क्षयाने गेली. मद्याचे व्यसन बळावले. लंडनमधील वकिली चालेना. अशा स्थितीत एडमंड मलोन या विद्वान मित्राने पाठीशी उभे राहून काम पुरे करवून घेतले. १६ मे १७९१ रोजी, पहिल्या भेटीस बरोबर अठ्ठावीस वर्षे झाली त्या दिवशी, दोन खंडांचे चरित्र प्रसिद्ध झाले. १९ मे १७९५ रोजी बॉस्वेल मरण पावला.

येथे थोडे आपल्याकडे वळतो. स्मरणिकांतून दिवंगत ज्ञातिबांधवांचे परिचय छापले जातात. जन्मतिथी, हुद्दा, देणगीची रक्कम, आणि मनमिळाऊ, दानशूर, धर्मपरायण ही ठराविक विशेषणे. छायाचित्र झाकले तर कोणता परिचय कोणाचा हे घरच्यांनाही सांगता येऊ नये! ते वडीलधारे गृहस्थ रागावले म्हणजे काय बोलत, पहिल्यांदा मुंबईस आले तेव्हा कोठे उतरले, भाकरीबरोबर त्यांना काय लागे, हे विचारणारा घरात कोणी नव्हता. आणि विचारण्याजोगे होते तोवर ते ओसरीवर बसूनच होते.

बॉस्वेल हा काही अनुकरणीय पुरुष नव्हे, हेही सांगितले पाहिजे. दारू, बाहेरख्याली आणि पोकळ बढाई हे त्याचे दोष उघड आहेत. गुलामगिरी बंद होऊ नये म्हणून त्याने १७९१ साली पद्य रचले, ते तर अक्षम्यच. मेकॉलेसाहेबांनी १८३१ साली, मूर्ख होता म्हणूनच त्याला थोर पुस्तक साधले, अशा अर्थाची टीका केली. ती पुष्कळ वर्षे प्रमाण मानली गेली. वंशजांनाही त्याची लाज वाटे. त्याचे कागद डब्लिनजवळील मॅलाहाइड वाड्यात पडून राहिले, आणि मागाहून त्यांतील अडचणीच्या मजकुरावर घरच्यांनीच शाई फासली.

तरी कागद टिकले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात राल्फ आयशम या अमेरिकन संग्राहकाने ते विकत घेण्यास आरंभ केला. १९३० मध्ये त्याच वाड्यात क्रोके खेळाचे साहित्य ठेवण्याच्या पेटीत आणखी हस्तलिखिते निघाली, आणि स्कॉटलंडमधील फेटरकेर्न येथील घरातही मोठा साठा मिळाला. १९४९ साली हा संग्रह येल विद्यापीठाकडे गेला. पुढल्या वर्षी १७६२-६३ ची लंडनची रोजनिशी छापली गेली, तेव्हा हातोहात खपली. टिपणे, पत्रे आणि मूळ रोजनिशी एकत्र पाहता विद्वानांना कळून आले की जॉन्सन यांच्या तोंडची वाक्ये आपोआप कागदावर उतरलेली नव्हती. निवडून, जुळवून, पुन्हा पुन्हा खोडून ती उभी केली होती, आणि हे सारे मेकॉलेसाहेबांनी मूर्ख ठरविलेल्या माणसाच्या हातचे होते.