उष्णता वाहून नेणारा घड्याळजी

माझी सारी उमेद बँकेच्या खतावण्यांत गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या सुट्टीच्या दिवशी. म्हणूनच ऐन तिशीत चालता धंदा सोडणाऱ्या एका फ्रेंच घड्याळजीचं मला नेहमीच कौतुक वाटत आलं आहे.

झाँ पेल्तिए त्याचं नाव. इंग्रजी वळणाने आपण त्याला पेल्टियर म्हणतो. जन्म १७८५चा, उत्तर फ्रान्समधला. घड्याळं दुरुस्त करण्यात त्याचा हात बसला होता. १८१५च्या सुमारास सासूच्या निधनानंतर थोडीफार मिळकत आली आणि त्याने दुकानाला रामराम ठोकला. पुढची तीस वर्षं त्याने केवळ जिज्ञासेपायी खर्ची घातली. कधी मेंदूची रचना, कधी आकाशातली वीज, तर कधी समुद्रावरची वावटळ!

१८३४ साली त्याने बिस्मथ आणि अँटिमनी या दोन धातूंच्या कांड्या जोडून त्यांतून वीज सोडली. विजेने तार तापते, हे ठाऊकच होतं. इथे मात्र प्रवाह एका दिशेने गेला की सांधा तापे, उलट दिशेने गेला की चक्क गार होई. वीज आणि गारवा? या कोड्याचं मर्म खुद्द पेल्तिएलाही पुरतं उलगडलं नाही. १८३८ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये लेंझ यांनी अशाच सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवला, प्रवाह उलटवून तो वितळवला, तेव्हा कुठे त्याचा अर्थ लागला. वीज उष्णता नाहीशी करत नव्हती. इकडची उचलून तिकडे नेत होती.

१८४५ साली पॅरिसमध्ये पेल्तिए वारला. शोध पडून राहिला, कारण साध्या धातूंत हा गारवा फारच तुटपुंजा. शंभरेक वर्षांनी, १९५०च्या दशकात, अर्धवाहक पदार्थांनी त्याला जीवदान दिलं. त्यात लेंझच्याच शहरातल्या, म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडमधल्या, अब्राम योफे यांचा वाटा मोठा.

मग १९६२ साली लेझर डायोड आला. तांदळाच्या कणीहून लहान असा हा जीव सुरुवातीला द्रवरूप नायट्रोजनच्या कडाक्यातच नीट चाले. १९७०मध्ये तो नेहमीच्या हवामानात अखंड चालू लागला, पण नाजूकपणा गेला नाही. तापला की त्याचा प्रकाश घटतो आणि रंग किंचित सरकतो. तोच प्रकाश मिळवायला वीज वाढवावी, तर तो आणखी तापतो आणि आयुष्य घटतं. काचेच्या तंतूंतून दूरवर संदेश नेणाऱ्या कित्येक लेझरांखाली म्हणूनच पेल्तिएची चकती बसवलेली असते.

मात्र गारवाही बेताचाच हवा. पावसाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच दव अतिथंड डायोडवर जमलं तर तो बिघडतो. म्हणून त्याला कोरड्या, बंद डबीत ठेवतात. तापमान भराभर वरखाली केलं तर सांधे तडकतात. म्हणून शेजारी तापमापक बसवून वीज हळूहळू कमीजास्त करतात.

हिशेबही बँकवाल्याला पटेल असाच आहे. चकतीच्या गरम बाजूला उचललेली उष्णता तर जमा होतेच, शिवाय खर्चलेली वीजही व्याजासारखी त्यात मिळते. ते सारं बाहेर टाकायला धातूचे पंखे नसतील, तर थंड बाजूही तापू लागते. हाव धरून प्रवाह दुप्पट केला, तर उष्णतेची वाहतूक फार तर दुप्पट होते, पण चकतीच्या अंगातली उष्णता चौपट! एका मर्यादेनंतर जास्त विजेने गारवा कमीच होतो.

घड्याळजीला हे नवं नसावं. चावी जास्त पिळली की घड्याळ अधिक चालत नाही, कमान तुटते. दुकान सुटलं, तरी त्या हाताची शिस्त त्याच्या चकतीला आजही लागते. एरवी, ज्याचा उपयोग हयातीत दिसणार नाही अशा कुतूहलासाठी दुकान बंद करायला केवढी छाती लागत असेल!