दोन पिढ्यांची झोप उडवणारे नारायण धारप

कोकणातल्या पोरांना भुतं नवीन नसतात. रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर असो की आतलं एखादं खेडं, पाण्यात ओढणारा गिऱ्हा, पिंपळावरचा मुंजा, वेशीवरचा देवचार ही नावं आजीच्या तोंडून कानावर पडायचीच. पण या भुतांच्या जागा ठरलेल्या असत. पिंपळ टाळला, तिन्हीसांजेला पाण्याकडे फिरकलं नाही, की झालं.

सत्तर-ऐंशीच्या दशकात एका लेखकानं ही पळवाट बंद केली. त्यांचं नाव नारायण गोपाळ धारप.

२७ ऑगस्ट १९२५ चा त्यांचा जन्म. शिक्षण रसायन तंत्रज्ञानाचं, मुंबई विद्यापीठातून. काही काळ आफ्रिकेत नोकरी केली, मग परत येऊन लेखनात रमले. शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली.

तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ साली, आणि चॅनेल एकच. सुट्टीत पोरांचा आधार म्हणजे वाचनालय. तिथून आणलेली धारपांची कादंबरी दिवसा हौसेनं वाचली जायची आणि रात्री महागात पडायची.

असं काय होतं त्यांच्या लिखाणात? विज्ञान शिकलेला हा माणूस भीतीसुद्धा पायरीपायरीनं मांडायचा. नोकरी करणारी साधी माणसं, नवं घर, रोजचे व्यवहार. मग एखादी गोष्ट जरा चुकल्यासारखी वाटते, आणि तिथून सगळं घसरत जातं. त्यांच्या एका कादंबरीचं नावच आहे ‘४४० चंदनवाडी’. म्हणजे भूत आता पिंपळावर नव्हतं, पोस्टमन पोचेल अशा पत्त्यावर राहत होतं.

पण धारपांनी वाचकाला एकटं सोडलं नाही. त्यांनी ‘समर्थ’ उभे केले. अप्पा जोशींना सोबत घेऊन अमंगळ शक्तींशी झुंजणारा हा नायक पानावर आला, की वाचणाऱ्या पोराचा जीव भांड्यात पडायचा.

त्यांच्यावर एक आक्षेप मात्र कायम राहिला, उसनवारीचा. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे ‘इट’. हे खरंच आहे. पण इंग्रजी कादंबऱ्या हाताशी नसलेल्या मराठी पोरांपर्यंत ही भीती धारपांमुळेच पोचली, आणि तीही मराठी घरातली, मराठी नात्यांतली होऊन.

त्याचा पुरावा म्हणजे ‘आजी’ ही कथा. मूळ कल्पना किंगचीच. अंथरुणाला खिळलेली आजी आणि घरात तिच्याजवळ एकटा राहिलेला नातू. भुताच्या गोष्टी सांगून शेवटी कुशीत घेणारी आजीच इथे भीतीचं कारण होते.

१९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात राही अनिल बर्वेंना एका मित्रानं धारपांची एक कथा ऐकवली. ती त्यांच्या डोक्यातून गेलीच नाही. त्यातून २०१८ मध्ये ‘तुंबाड’ सिनेमा आला आणि व्हेनिसच्या महोत्सवात पोचला. खोलीत कोंडलेली ती भयंकर आजी आठवते ना? सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं, आणि तुंबाड हे गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं. परदेशातून आलेली ती भीती अशी थेट कोकणात मुक्कामाला आली.

हे बघायला धारप नव्हते. १८ ऑगस्ट २००८ रोजी, त्र्याऐंशीव्या वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी, ते गेले होते. त्यांची पुस्तकं मात्र अजून छापली जातात, आणि आता ती वाचून दिवा चालू ठेवणारी पोरं त्या जुन्या वाचकांची मुलं-नातवंडं आहेत.