आल्ब्रेख्त मायडेनबाउर : फोटोवरून मोजमाप करायला शिकवणारे स्थापत्यतज्ज्ञ



एखादी मातीची पणती फिरत्या चकतीवर ठेवायची, चकती थोडी थोडी फिरवत तिचे पन्नास-साठ फोटो काढायचे आणि संगणकावर तिची हुबेहूब त्रिमितीय प्रतिकृती तयार करायची. आज हे काम साध्या मोबाईलवरही जमतं. या तंत्राला फोटोग्रामेट्री म्हणतात, म्हणजे फोटोवरून केलेलं मोजमाप. हा शब्द दीडशे वर्षांहून जुना आहे. तो जगापुढे आणणाऱ्या माणसाला या तंत्राची कल्पना सुचली ती जीव जाता जाता वाचल्यावर! आज आपण त्यांचीच, म्हणजे आल्ब्रेख्त मायडेनबाउर यांची ओळख करून घेणार आहोत.

जन्म आणि शिक्षण

मायडेनबाउर यांचा जन्म 30 एप्रिल 1834 रोजी थोलाय या गावी झाला. हे गाव आज जर्मनीच्या सारलांड राज्यात आहे, त्या काळी ते प्रशिया राज्यात होतं. पुढे त्यांनी बर्लिनच्या बाउअकाडेमी या नामवंत संस्थेत स्थापत्याचं शिक्षण घेतलं. इमारती कशा बांधायच्या हे तर ते शिकलेच, पण जुन्या इमारती कशा मोजायच्या आणि त्यांचे नकाशे कसे काढायचे हेही शिकले. हेच दुसरं काम त्यांच्या आयुष्याला वळण देणारं ठरलं.

1858 ची ती संध्याकाळ

1858 साली, म्हणजे वयाच्या 24 व्या वर्षी, वेट्झलार शहरातल्या मोठ्या चर्चचं मोजमाप करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. हे चर्च मध्ययुगातलं. उंच मनोरा, कमानी, दगडी नक्षी आणि काही भाग शतकानुशतकं अर्धवटच राहिलेला. अशा इमारतीचा प्रत्येक कोपरा फूटपट्टीने मोजायचा म्हणजे वरपर्यंत जायलाच हवं. त्यासाठी पराती बांधायच्या तर खर्च फार. म्हणून दोरांना टांगलेल्या एका पेटीत बसून भिंतीलगत वर-खाली होत मोजमाप चाललं होतं.

एके दिवशी संध्याकाळ झाली होती आणि काम उरकायची घाई होती. वेळ वाचवण्यासाठी मायडेनबाउर यांनी टांगत्या पेटीतून थेट मनोऱ्याच्या खिडकीत पाऊल टाकायचं ठरवलं. पण पेटी भिंतीपासून दूर सरकली आणि पायाखाली मोकळी पोकळी उघडली. त्यांनी एका हाताने खिडकीची दगडी कड घट्ट पकडली, पायाने पेटीला जोरात मागे ढकललं आणि त्या धक्क्याच्या बळावर अंग आत झोकून दिलं. थोडक्यात जीव वाचला!

दुसरा कुणी असता तर पुन्हा उंचावर चढायचंच नाही असं त्याने ठरवलं असतं. मायडेनबाउर यांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न आला. इमारतीचा फोटो काढला की तिचं सगळं रूप काचेवर उमटतं. मग मोजायला भिंतीवर कशाला चढायचं? फोटोवरूनच मापं काढता येणार नाहीत का?

फोटोवरून माप कसं निघतं?

मुलांनो, इथे आपण थोडं थांबून गणित समजून घेऊया. एक सोपा प्रयोग करा. बोट डोळ्यांसमोर धरा. आधी उजवा डोळा मिटून बघा, मग डावा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसतं ना? बोट जवळ आणलं तर जास्त सरकतं, लांब नेलं तर कमी. म्हणजे दोन जागांवरून पाहिलं की अंतर कळतं.

फोटोचंही तसंच आहे. एका फोटोवरून एखादा बिंदू कोणत्या दिशेला आहे एवढंच समजतं, तो किती लांब आहे हे समजत नाही. पण दुसऱ्या जागेवरून त्याच बिंदूचा फोटो काढला की दुसरी दिशा मिळते. दोन्ही दिशांच्या रेषा कागदावर काढल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच तो बिंदू असतो. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर आधी मोजून ठेवलं असेल तर बाकीची सगळी मापं घरात टेबलाशी बसून काढता येतात. भूमितीच्या तासाला आपण त्रिकोण काढतो ना, तोच हा त्रिकोण.

पण त्यासाठी साधा कॅमेरा चालत नव्हता. मायडेनबाउर यांनी खास मोजणीचा कॅमेरा तयार करवून घेतला. त्यात भिंग आणि काच यांच्यातलं अंतर पक्कं ठेवलेलं असे. फोटोवर मधोमध उभी आणि आडवी रेषा उमटे, त्यामुळे मोजायला सुरुवात कुठून करायची हे ठरलेलं असे. कॅमेरा तिवईवर अगदी समपातळीत बसवत. भिंग जास्त रुंद दृश्य टिपणारं असल्याने अरुंद गल्लीतूनही मोठी इमारत फोटोत मावत असे. 1867 साली त्यांनी जर्मनीतल्या फ्रायबुर्ग या छोट्या गावी या पद्धतीची चाचणी घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बर्लिनच्या स्थापत्यतज्ज्ञांच्या साप्ताहिकात फोटोग्रामेट्री या नावाने लेख छापून आला. हे नाव त्यांना ओट्टो केर्स्टन या भूगोलतज्ज्ञाने सुचवलं होतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. फोटोवरून मापं काढणारे मायडेनबाउर एकटे नव्हते. फ्रान्समध्ये एमे लोसदा हे लष्करी अधिकारी चित्रं आणि फोटो वापरून जमिनीचे नकाशे करत होते. पण इमारती जपण्यासाठी हे तंत्र वापरायचा ध्यास घेतला तो मायडेनबाउर यांनी.

सत्तावीस वर्षांची वाट

कल्पना चांगली असली तरी ती लगेच कोण मान्य करतो? फोटोवर विसंबून मापं घ्यायची हे अनेकांना पटत नव्हतं. 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्करानेही या पद्धतीचा प्रयोग करून पाहिला, पण त्यातून फारसं काही हाती लागलं नाही. मायडेनबाउर सरकारी बांधकाम खात्यातली नोकरी सांभाळत कॅमेरे सुधारत राहिले, फोटो काढत राहिले आणि वरिष्ठांना समजावत राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं. इमारती जळतात, पडतात, युद्धात नष्ट होतात. आज त्यांचे नीट मोजता येणारे फोटो काढून ठेवले, तर उद्या त्या पुन्हा उभारता येतील.

अखेर 1885 साली प्रशिया सरकारने बर्लिनमध्ये मोजणी-फोटोंची स्वतंत्र संस्था सुरू केली आणि ती त्यांच्या हाती सोपवली. वेट्झलारच्या त्या संध्याकाळीनंतर तब्बल 27 वर्षांनी! ज्या बाउअकाडेमीत ते शिकले, त्याच इमारतीत या संस्थेचं काम चालू लागलं. 1909 पर्यंत ते प्रमुख होते. मोठ्या काचेच्या प्लेट 40 सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद असत. अशा जड प्लेट सांभाळत त्यांच्या माणसांनी हजाराहून अधिक वास्तूंचे फोटो काढले. पुढे हा संग्रह सुमारे 20,000 प्लेटपर्यंत गेला. 15 नोव्हेंबर 1921 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी मायडेनबाउर यांचं निधन झालं.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं

दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडले. 1944 मध्ये तिथल्या प्रसिद्ध फ्रेंच चर्चचा घुमट जळाला. पुढे त्याची पुनर्बांधणी करताना हे जुने मोजणीचे फोटो उपयोगी पडले. बाउअकाडेमीची इमारतही युद्धात जळाली आणि 1962 मध्ये ती पाडून टाकली. इमारत गेली, पण तिथे जन्मलेला काचांचा संग्रह राहिला.

आजची फिरती चकती

मायडेनबाउर कॅमेरा घेऊन इमारतीभोवती फिरत. लहान वस्तूसाठी आपण उलट करतो, कॅमेरा स्थिर ठेवतो आणि वस्तू फिरवतो. गणिताला दोन्ही सारखंच. दर 15 अंशांना एक फोटो काढला तर 360 ÷ 15 = 24 फोटोंत एक फेरी पूर्ण होते. गंमत म्हणजे 1860 च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्रान्स्वा विलेम या शिल्पकाराने माणसाभोवती गोलात 24 कॅमेरे लावून त्या फोटोंवरून पुतळे घडवले होते!

तुम्हाला करून पाहायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा :

1. कॅमेरा स्टँडवर पक्का ठेवा. झूम आणि फोकस मध्येच बदलू नका.
2. मागे कोरा, एकरंगी कपडा लावा. वस्तू फिरते आणि मागचं चित्र फिरत नाही, त्यामुळे मागे नक्षी असेल तर संगणक गोंधळतो.
3. उजेड सगळीकडून सारखा असू द्या.
4. एक फेरी समोरून, एक थोडी वरून घ्या. मग वस्तू उलटी करून खालची बाजू टिपा.
5. शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर आकार कळेल पण खरं माप कळणार नाही.
6. काचेचा पेला किंवा चकचकीत स्टीलचा डबा निवडू नका. त्यावरची चमक प्रत्येक फोटोत जागा बदलते, म्हणून जुळणारे बिंदू सापडत नाहीत. मातीची पणती, दगड, लाकडी खेळणं उत्तम.

नीट पाहिलंत तर यातले पहिले आणि पाचवे नियम मायडेनबाउर यांचेच आहेत : कॅमेरा पक्का हवा आणि एक तरी अंतर खरं मोजलेलं हवं.

तर विद्यार्थी मित्रांनो, संकटातून वाचणं हे बरेचदा नशिबावर असतं, पण वाचल्यावर नवा प्रश्न विचारणं आणि त्याच्या उत्तरासाठी 27 वर्षं चिकाटी धरणं आपल्या हातात असतं. तुमच्या गावातलं एखादं जुनं देऊळ, वाडा किंवा वेस आज उभी आहे. ती उद्याही असेलच असं नाही. तिचे चारही बाजूंनी फोटो काढून, एखादं अंतर टेपने मोजून वहीत लिहून ठेवा. पुढच्या कुणालातरी त्याचा नक्की उपयोग होईल.

स्वाध्याय

1. एकाच फोटोवरून एखाद्या वस्तूचं अंतर का कळत नाही?
2. दर 10 अंशांना एक फोटो काढला तर एका फेरीत किती फोटो होतील?
3. तुमच्या परिसरातल्या कोणत्या वास्तूची अशी नोंद व्हावी असं तुम्हाला वाटतं? का?