अण्णासाहेब किर्लोस्कर
बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (३१ मार्च १८४३ – २ नोव्हेंबर १८८५) हे मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक होत. जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. त्यांच्यापूर्वी नाटकात गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. अण्णासाहेबांनी पात्रांनाच गाते केले. मात्र इटालियन सुखात्म ऑपेराप्रमाणे संवादही गाण्यात न बसवता ते गद्यच ठेवले. ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाले. त्यांचे खरे सामर्थ्य ‘संगीत सौभद्र’मध्ये (१८८२) दिसते. कथा पुराणातली, पण बलरामाचा हट्ट, कृष्णाची कारस्थाने आणि अर्जुनाचा संन्यासवेष पाहताना एखाद्या मराठी लग्नघरातले रुसवेफुगवेच आठवतात. सुभद्रेची भूमिका भाऊराव कोल्हटकर करीत. ‘रामराज्यवियोग’ अपुरे असतानाच वयाच्या ४२ व्या वर्षी अण्णासाहेब निवर्तले.